अफूची गोळी आणि आग्रा रोड



‘अफूची गोळी’ हे शब्द आपण किती सहज वापरतो! पुढाऱ्याचे भाषण असो नाहीतर टीव्हीवरची मालिका, ‘लोकांना दिलेली अफूची गोळी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या घरात मात्र हे शब्द सहज उच्चारले जात नसत. माझ्या दादीकडे, म्हणजे वडिलांच्या आईकडे, पितळेची एक लहानशी डबी होती. त्या डबीत एके काळी खरोखरच अफूच्या गोळ्या असत.

दादी विड्या वळायची. दिवसाचा आकडा पुरा झाला तरच संध्याकाळी चूल पेटायची. मांडीवर सूप आणि शेजारी तान्हे मूल. मूल रडले की हात थांबणार, हात थांबला की मजुरी बुडणार. मग मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून बाळाच्या जिभेवर लावायची. गोष्ट स्वातंत्र्यापूर्वीची. तेव्हा अफू सरकारी परवान्याच्या ठेक्यावर उघड मिळे. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायकाही हेच करत. त्या गोळीला ‘बाळगोळी’ असे गोड नाव होते.

दादीचा दुसरा मुलगा, मी कधीच न पाहिलेले माझे काका, एका दुपारी असा झोपला की उठलाच नाही. दादी हे माझ्यापाशी एकदाच बोलली. म्हणाली, “लोगां बोले, माँच मारी बच्चे को.” लोक म्हणाले, आईनेच मारले. ती डबी तिने पुन्हा कधी भरली नाही. पण फेकूनही दिली नाही.

अफूचा हा धंदा आमच्या दारापर्यंत आला कसा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तराचा रस्ता मात्र घराजवळूनच जात होता. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाला जुनी माणसे अजून ‘आग्रा रोड’च म्हणतात. आज त्यावरून कांद्याचे आणि द्राक्षांचे ट्रक धावतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच वाटेने माळव्याची अफू येत असे. सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड करीत ती नाशकात यायची, थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट उतरून मुंबई बंदरात पोचायची, आणि तिथून जहाजाने चीनला जायची.

माळवा हा होळकर-शिंद्यांचा मुलूख. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि १८१८ मध्ये इंदूरजवळ महू येथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीकडे आधीपासूनच होता. माळव्याची अफू तिला स्पर्धक वाटत होती, म्हणून ती अडवण्यासाठी कंपनीने संस्थानिकांशी करार केले, वाटांवर पहारे बसवले. व्यापारी हुशार निघाले. त्यांनी राजपुताना आणि सिंधमधून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला माल नेला.

अडवणे जमेना, तेव्हा कंपनीने शहाणपणाचा मार्ग धरला. अफू खुशाल न्या, पण आमचा परवाना घ्या आणि पेटीमागे जकात भरा! १८३५ मध्ये ही जकात पेटीला १२५ रुपये होती. १८४३ मध्ये सिंध जिंकून चोरवाट बंद झाल्यावर ती २०० झाली आणि १८४७ मध्ये ४००. सैन्य पुढे सरकले, त्याने अफू थांबली नाही, फक्त वसुली वाढली. एवढी एक गोष्ट आजच्या भाषणातून तुमच्या लक्षात राहिली तरी पुरे.

त्याच काळात, १८३९ मध्ये, चीनच्या लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात माळव्याचाही माल होता. इंग्लंडने त्यावरून युद्ध पुकारले. १८४२ मध्ये हाँगकाँग घेतले. त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई अफूच्या व्यापारात मोठे झाले. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आजवर लाखो गरिबांना उपचार मिळाले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवू नये. मुंबईचेच दादाभाई नौरोजी मात्र लंडनमधल्या व्यापारी पेढीतून बाहेर पडले, कारण अफू आणि दारूच्या पैशातला वाटा त्यांच्या मनाला पटेना.

चीनकडची निर्यात १९१३ मध्ये थांबली. देशातले ठेके चालूच राहिले. दादीची गोळी अशाच ठेक्यावरची.

हा सारा जुना इतिहास म्हणून मी सोडून दिला असता. पण अफगाणिस्तानच्या बातम्या वाचताना मला आग्रा रोडच आठवत राहिला. तालिबानने २००० मध्ये बंदी घातल्यावर २००१ मध्ये तिथे अफूचे पीक जेमतेम आठ हजार हेक्टरांवर उरले होते. त्याच वर्षी अमेरिका आणि मित्रदेशांच्या फौजा उतरल्या. २०१७ पर्यंत पीक ३ लाख २८ हजार हेक्टरांवर गेले. अफू रोखण्यासाठी अमेरिकेने आठ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला, तरीही!

परक्या सैनिकांनी अफू पेरली, असे मी म्हणत नाही. पण युद्धात रस्ते मोडले, कालवे मोडले, बाजार बसला. फौजांच्या बाजूचे सरदार आणि विरोधातले तालिबान, दोघेही अफूवर आपापली वसुली करू लागले. शेतकऱ्याला पेरणीआधीच उचल मिळायची आणि ती अफूनेच फेडायची असे. आपल्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. टोमॅटोचा भाव पडला की तो रस्त्यावर ओतावा लागतो. द्राक्ष परदेशी पाठवायचे तर शीतगृह हवे, चांगला रस्ता हवे, बंदर हवे आणि मुख्य म्हणजे शांतता हवी. अफूला यातले काहीच लागत नाही. ती वर्षानुवर्षे टिकते, पाणी कमी पिते आणि गिऱ्हाईक घरी चालून येते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये फौजा परतल्या. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने पुन्हा बंदी घातली आणि २०२३ मध्ये पीक अकरा हजार हेक्टरांच्याही खाली आले. आकडा उतरला म्हणून जगाने समाधान मानले. ज्या घरांची नगद रक्कम एका हंगामात गेली, त्यांच्या चुलीचे काय, हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

दोष रोपाचा नाही. खसखस त्याच बोंडातली. ती दिवाळीच्या अनारशावर असते आणि आमच्या ईदच्या शिरखुर्म्यातही असते. आज त्याच माळव्यात, मंदसोर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यापासून वेदना शमवणारी औषधे बनतात. कर्करोगाच्या रुग्णाला ती दिलासा देतात. पीक तेच. ते कोणासाठी पिकते आणि त्याचा पैसा कोण घेतो, यावर सारे ठरते.

म्हणून कुठल्याही गरीब देशातल्या अफूची बातमी वाचाल, तेव्हा शेतात वाकलेल्या माणसाचे छायाचित्र पाहून निकाल देऊ नका. त्याला उचल कोणी दिली, नाक्यावर वसुली कोणी केली, हेही विचारा. माझ्या दादीला हे कुणी विचारले नाही. तिच्या हातातली गोळी सगळ्यांना दिसली. ठेका कुणाचा, मजुरी किती, हे कुणाला दिसले नाही.

ती डबी आता माझ्याकडे आहे. ती रिकामीच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)