दोनची खूण, चारची चूक

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. मी बोलतोय ते इथल्या, कोलोरॅडोतल्या परवान्याच्या शिकारीबद्दल.

मागच्या सीझनला ४०० यार्डांवर म्यूल डिअर उभं होतं. माझ्या रायफलला तिथं २ मिल लागतात. रेटिकलवरची २ मिलची खूण छातीवर ठेवली, चाप ओढला. गोळी नेमापेक्षा दोन फुटांहून जास्त वर, पाठीवरून गेली! स्कोप सेकंड फोकल प्लेनचा. खुणा फक्त २० पट झूमवर खऱ्या. मी होतो १० वर, म्हणजे २ची खूण झाली ४ची. थोडी खाली लागली असती तर? जखमी जनावर रानात तडफडलं असतं. रात्रभर झोप नाही आली.

आता मी फर्स्ट फोकल प्लेनच वापरतो. झूम कितीही ठेवा, खुणेचं माप तेच. तोटा एकच, कमी झूमवर रेषा बारीक दिसतात. रेटिकल मिलचं तर डायलही मिलचाच घ्या, ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. आणि डायल फिरवलात, तर शून्यावर परत आणायला विसरू नका.

शंका असेल तर गोळी झाडूच नका. भेटूया!