नाव मोजताना शीग नको
(नभोवाणीवरील भाषण)

येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि तिकडे आंबेगावात डिंभे, असे विस्तीर्ण जलाशय आपल्या परिसरात झाले, आणि २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जाही मिळाला. तेव्हा आळेफाट्याच्या चौकातून कांद्याच्या गोण्यांच्या मागोमाग एखादी हौशी नौका टेम्पोवर चढून जाताना दिसली, तर त्यात नवल मानण्याचे कारण उरले नाही. नाव इंजिनाची असेल तर, १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमान्वये, महाराष्ट्र सागरी मंडळाच्या दप्तरी तिची नोंद व्हावी लागते, आणि धरणाच्या पाण्यावर ती घालण्यास पाटबंधारे खात्याची परवानगी निराळी, हे आपण जाणताच. माझे गाऱ्हाणे नोंदणीच्या अर्जातील तीन रकान्यांपुरते आहे: लांबी, रुंदी आणि खोली.

खळ्यावर पायलीने धान्य मापताना देणारा काठावरून हात फिरवू पाहतो आणि घेणारा काठावर चढणारी शीग मागतो, हा झगडा आपणांस ठाऊक आहे. पण पायलीचे माप काठापर्यंतच असते, शीग ही मर्जीची बाब. नावेच्या पाठीला टांगलेले इंजिन, चढण्याची शिडी, नाळेपुढे आलेला लोखंडी कठडा, ही सारी शीग होय. लांबी म्हणजे नाळेच्या टोकापासून पिछाडीच्या फळीपर्यंत, सरळ रेषेत घेतलेले नावेच्या अंगाचे माप. काठाच्या बाकाबरोबर टेप वळवीत नेली की तेथेही शीग चढलीच. रुंदी जेथे सर्वांत अधिक तेथे, बाहेरून बाहेर घ्यावी, आणि धक्का सोसण्यासाठी बांधलेले टायर सोडून द्यावेत. खोली घेताना मात्र उलटा प्रकार होतो. बूड आत चेपलेली पायली जशी दिसते पुरी आणि भरते उणी, तशी पायाखालची फळी न उचलता मोजलेली खोली कमी भरते. म्हणून फळी उचलावी आणि काठाच्या पातळीपासून तळापर्यंत मोजावे. इंजिन मोजू नका, हे मी पुन्हा सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी उद्या टेप इंजिनाच्या पंख्यापर्यंत ओढणारच!

चार बोटांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर जुन्या जहाजांत सापडते. आळेफाट्यावरून जाणाऱ्या आपल्याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला, कल्याणास, शिवरायांनी गलबते बांधविली. त्या काळी जहाजाची कुवत धान्यासारखीच खंडीत सांगत. इंग्रजांनी हिशेबाचे सूत्र बसविले, परंतु त्यांच्या जुन्या पद्धतीत खोली प्रत्यक्ष न मोजता रुंदीच्या निम्मी धरली जाई. परिणामी या हिशेबावर बसणारा कर वाचविण्यासाठी अरुंद आणि खोल जहाजे बांधण्याची चाल पडली, आणि असली जहाजे वादळात नीट तग धरीत नसत. अखेर १८५४ साली जॉर्ज मूरसमच्या पद्धतीने आतली पोकळी मोजून १०० घनफुटांस एक टन असा हिशेब कायद्यात आला. माप खोटे ठेवले तर पुढे नावच त्या मापासारखी घडू लागते, ती अशी.

शिवाय किती माणसे बसवावीत याचा विचार अर्जातील याच आकड्यांच्या आधारे होतो. कागदावर इंजिनासकट लांबलेली नाव दोन माणसे फाजील घेते, काठ पाण्याकडे झुकतो, आणि माळशेज घाटाकडून वारा सुटला म्हणजे कागद काय उपयोगाचा? जीवरक्षक जाकिटे त्या दोघांपुरती असतात की नाही, हा प्रश्न निराळाच. गेल्या हंगामात एका सद्गृहस्थांनी मला मोठ्या अभिमानाने आपला अर्ज दाखविला. नाव लांब, रुंद आणि तळहाताएवढी उथळ! मी म्हटले, अहो, ही परात आहे.

मापे मीटर-सेंटिमीटरमध्येच लिहावीत, टेप दोघांनी ताणून धरावी, आणि मोजताना नाव जमिनीवर, ओंडक्यांवर समपातळीत ठेवावी. रबरी, हवा भरावयाच्या नावांविषयी सविस्तर बोलावयाचे मनात होते. त्यांत काठ कोणता आणि तळ कोणता हाच मुळी वाद आहे, पण काचेपलीकडून निवेदकांनी हात वर केला आहे. तेव्हा एवढेच की हवा पुरी भरूनच त्या मोजाव्यात, आणि इंजिन तिथेही मोजू नये.