न्हाणीघरांतील दांडी

श्रोतेहो, टॉवेल घालण्याच्या दांडीवर भाषण कशाला, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. दिवाणखान्यांतील खुर्चीसाठीं आपण चार दुकानें हिंडतों. दांडी मात्र गवंड्याच्या मर्जीवर सोडतों. पण ओल्या फरशीवर पाय सरकला कीं म्हाताऱ्या माणसाचा हात प्रथम जातो तो या दांडीकडेच. म्हणून तिचा थोडा विचार अवश्य आहे.

प्रथम धातु पाहूं. दुकानांत सर्वच दांड्या चकाकतात. चांगली दांडी एक तर पितळेची, वर निकेल व क्रोमियम यांचा मुलामा दिलेली, नाहीं तर स्टेनलेस पोलादाची असते. या पोलादाच्या ३०४ क्रमांकाच्या जातींत शेंकडा सुमारें १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असतें. २०२ क्रमांकाच्या स्वस्त जातींत निकेल कमी करून मँगनीज घालतात. तिच्यावर तांबूस ठिपके लवकर उठतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकांठच्या गांवीं खाऱ्या हवेमुळें हा भेद विशेष जाणवतो. तेथें मॉलिब्डेनम असलेली ३१६ जात अधिक टिकते.

लोहचुंबक घट्ट चिकटला, तर आंत लोखंड किंवा हलक्या जातीचें पोलाद आहे असें समजावें. मात्र तो चिकटला नाहीं एवढ्यानें माल उत्तम ठरत नाहीं. कारण जस्ताचा मिश्रधातु आणि २०२ पोलाद हींहि चुंबकाला दाद देत नाहींत. म्हणून वजन पाहावें. भरीव पितळी बैठक तेवढ्याच आकाराच्या जस्ती बैठकीहून जड लागते. पोलादाचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा.

आतां बसविण्याविषयीं. जमिनीपासून सुमारें ४ फूट उंची सोयीची. जागा शिंतोड्यांपासून दूर, पण खिडकीच्या वाऱ्यांत असावी. नळाच्या सरळ वर किंवा खालीं भोंक पाडूं नये. भिंतींतील नळी बहुधा तेथूनच जाते. गीझरच्या तारांचीहि तीच गोष्ट. दोन्ही खुणा पाणसळ लावून कराव्या. टाइलवर चिकटपट्टी लावून, कार्बाइडच्या टोकाचें गिरमिट ठोक्याची कळ बंद ठेवून हळू चालवावें; ठोका टाइल पार झाल्यावरच द्यावा. टाइलच्या कडेला भोंक घेऊं नये. प्लास्टिकची गिट्टी टाइल व गिलावा ओलांडून विटेंत बसली पाहिजे. ती टाइलमध्येंच अडकली, तर स्क्रू आवळतांना फुगून टाइल तडकते. शेवटीं भोंकाभोंवतीं सिलिकॉन लावावें, म्हणजे पाणी आंत मुरत नाहीं.

इतकें करूनहि एक गोष्ट विसरूं नये. टॉवेलची दांडी ओला टॉवेल पेलण्यासाठीं असते, माणूस पेलण्यासाठीं नव्हे. अमेरिकेच्या २०१० सालच्या नियमांप्रमाणें आधाराच्या दांडीनें २५० पौंडांचा भार सोसला पाहिजे. गोल दांडीची जाडी सव्वा ते दोन इंच आणि भिंतीपासून अंतर दीड इंच असावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. आपल्या घरीं वृद्ध माणसें असतील, तर अशी निराळी दांडी पक्क्या भिंतींत बसवावी. टॉवेलची दांडी निखळली, तर चार रुपये खर्चून दुसरी आणतां येते. मांडीचें हाड मोडलें म्हणजे तसें करतां येत नाहीं.