दोन यंत्रे, एक दप्तर
(फाईल सर्व्हरच्या पर्यायी व्यवस्थेविषयी एक भाषण)



आषाढातील एखाद्या दिवसाची कल्पना करावी. पावसाची झड लागलेली आहे. सत्तरी तालुक्यातील केरीसारख्या गावची एखादी शेतकरी स्त्री एक-चौदाच्या उताऱ्यासाठी वाळपईच्या कचेरीत येते. कर्जाच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असते. कारकून सर्व्हे नंबर टंकतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. दप्तर सांभाळणारे यंत्र बंद पडलेले असते. “सिस्टिम बंद आहे, उद्या या,” हे सांगणे कारकुनाला सोपे जाते. त्या स्त्रीला मात्र ते एका हंगामाइतके महाग पडते.

याहूनही वाईट असा दुसरा प्रसंग संभवतो. यंत्र बंद पडते, त्याच्या जागी दुसरे यंत्र तत्काळ उभे राहते, उताराही मिळतो. परंतु आदल्याच दिवशी घातलेली वारसाची नोंद त्यात नसते. काम थांबले तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. चुकीचा कागद घेऊन घरी गेलेल्या माणसाला आपले काय गेले हे वर्षानुवर्षे कळतही नाही. म्हणून पर्यायी यंत्राचा विचार करताना ‘काम किती लवकर सुरू होईल’ याच्या आधी ‘दप्तर खरे राहील काय’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

फाईल सर्व्हर म्हणजे कचेरीचे सामायिक कपाट होय. प्रत्येक मेजावरील संगणकाला ते आपल्याच पोटातले कपाट वाटते. प्रत्यक्षात कागद दूरच्या यंत्रात असतात. ही सोय देणारी ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’, म्हणजेच एनएफएस, ही पद्धत अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 साली प्रचारात आणली. तिची तिसरी आवृत्ती 1995 साली आणि चौथी 2000 साली प्रसिद्ध झाली. चौथीत 2003 साली सुधारणा झाल्या. आरंभीच्या आवृत्त्यांत एक साधी युक्ती होती. कोणी कोणता कागद उघडला आहे याची आठवण सर्व्हर ठेवीत नसे. त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी मेजावरचे यंत्र तीच मागणी पुन्हा करी आणि काम पुढे चाले. कागदाला कुलूप लावण्याची, म्हणजे एकाच वेळी दोघांनी तो बदलू नये याची, व्यवस्था वेगळी ठेवलेली होती. चौथ्या आवृत्तीत कुलपांची आणि उघडलेल्या कागदांची नोंद सर्व्हर स्वतः ठेवू लागला. शिस्त वाढली; त्याबरोबर बदली यंत्राची जबाबदारीही वाढली.

सरकारी कामकाजात कार्यभार सोपविण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. एक अधिकारी जातो, दुसरा येतो. तेव्हा किल्ल्या, नोंदवह्या आणि शिक्का यांची रीतसर देवघेव होते. दोन सर्व्हरांमधील अदलाबदल हीही कार्यभाराची देवघेवच आहे. फरक इतकाच की, जाणारा अधिकारी येथे निरोप न देता कोसळलेला असतो.

पहिली गोष्ट दप्तराची. नव्या यंत्राजवळ तेच दप्तर असले पाहिजे. एक तर दोन्ही यंत्रे एकाच सामायिक साठ्याला जोडावीत, नाहीतर पहिल्याने लिहिलेले प्रत्येक अक्षर दुसऱ्याच्या साठ्यात उमटत राहील अशी सोय करावी. लिनक्स प्रणालीत या दुसऱ्या प्रकारासाठी डीआरबीडी नावाची व्यवस्था आहे. ती 2010 साली लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाली. येथे निवड करावी लागते. दोन्ही ठिकाणी लिहून झाल्यावरच ‘नोंद झाली’ असे सांगायचे, की एका ठिकाणी लिहून लगेच सांगायचे? दुसरा मार्ग जलद आहे. पण पहिले यंत्र त्याच क्षणी कोसळले, तर ‘झाली’ म्हणून सांगितलेली नोंद नाहीशी होते. जमिनीच्या व जन्ममृत्यूच्या दप्तराला पहिलाच मार्ग योग्य. हाच नियम सर्व्हरच्या स्वतःच्या उत्तरालाही लागू आहे. ‘असिंक’ ही सवलत दिली, तर कागद तबकडीवर पोहोचण्यापूर्वीच सर्व्हर होकार देतो. वेगाच्या मोहाने ती देऊ नये.

दुसरी गोष्ट पत्त्याची. मेजावरच्या यंत्रांनी एका विशिष्ट यंत्राचा पत्ता धरून बसू नये. सेवेला स्वतंत्र, फिरता पत्ता असावा आणि जे यंत्र कार्यभार घेईल त्याने तो धारण करावा. कचेरीचा फलक तोच राहतो, आतला माणूस बदलतो. यात क्रमाला महत्त्व आहे. आधी साठा ताब्यात घ्यावा, मग त्यावरील कपाट उघडावे, मग सेवा सुरू करून कोणते कागद कोणाला द्यायचे ते जाहीर करावे आणि सर्वांत शेवटी पत्ता धारण करावा. कपाट उघडण्याआधीच फलक लावला, तर आलेल्या मागण्यांना ‘असा कागद नाही’ असे उत्तर मिळते, आणि चालू असलेली कामे नाहक मोडतात. त्याचप्रमाणे प्रत्येक कपाटाला सर्व्हर जो ओळखक्रमांक देतो, तो दोन्ही यंत्रांवर एकच ठरवून द्यावा. तो भिन्न असला, तर कागद जागेवर असूनही मेजावरच्या यंत्राला ओळखू येत नाही.

तिसरी गोष्ट कुलपांची. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नवे यंत्र कार्यभार घेताच काही काळ फक्त जुन्या कुलपांचे हक्क मान्य करते. नवी कुलपे देत नाही. लिनक्समध्ये हा सवलतीचा काळ सामान्यतः 90 सेकंदांचा असतो. परंतु पूर्वी कोणाकोणाचा हक्क होता याची यादीच नव्या यंत्राजवळ नसेल, तर ते हक्क नाकारले जातात. म्हणून ही यादीही पहिल्या यंत्राच्या खाजगी तबकडीवर न राहता सामायिक साठ्यावर असावी. या 90 सेकंदांत पडदा थिजल्यासारखा दिसतो. कारकुनाला हे आधी समजावून सांगितलेले असावे. नाहीतर तो घाईने यंत्र बंद करतो आणि अर्धे लिहिलेले काम गमावतो. मेजावरची यंत्रेही सर्व्हर परत येईपर्यंत चिकाटीने वाट पाहतील अशीच जोडावीत. थोड्या वेळाने हात टेकणारी जोडणी दप्तराच्या कामाला धोक्याची असते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पहिले यंत्र खरोखर गेले, हे दुसऱ्याने कसे ओळखावे? दोन्ही यंत्रे एकमेकांना ठराविक काळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवितात. निरोप थांबला म्हणजे सोबती गेला असे मानले जाते. परंतु कित्येकदा सोबती जिवंत असतो, तुटलेली असते ती मधली तार. मग दोन्ही यंत्रे स्वतःला प्रमुख समजतात. एका गावात दोन तलाठी बसले आणि दोघांनी दोन वह्यांत वेगवेगळे फेरफार लिहिले, तर कोणती वही खरी मानायची? यानंतरचा गोंधळ कोणत्याही यंत्राला आपोआप निस्तरता येत नाही.

21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या विख्यात सेवेच्या बाबतीत हेच घडले. देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन ठिकाणांमधला संपर्क केवळ 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने प्रमुखपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. इकडे पूर्वेकडील काही नोंदी तिकडे पोहोचलेल्याच नव्हत्या. दोन्ही बाजूंना परस्परांजवळ नसलेल्या नोंदी तयार झाल्या. सेवा पूर्ववत होण्यास 24 तास 11 मिनिटे लागली. ती यंत्रे माहितीकोशाची होती, फाईल सर्व्हरची नव्हेत. पण धडा तोच आहे. त्या संस्थेने घाईपेक्षा नोंदींचा खरेपणा श्रेष्ठ मानला आणि विलंब पत्करला.

यावर उपाय दोन आहेत. पहिला गणपूर्तीचा. ग्रामसभेत गणपूर्ती नसेल तर ठराव होत नाही. तसेच येथे बहुमत असल्यावाचून कोणी प्रमुखपद घेऊ नये. दोनच यंत्रे असतील तर बहुमत ठरत नाही. म्हणून तिसरे एखादे छोटे यंत्र केवळ साक्षीदार म्हणून, शक्य तर निराळ्या खोलीत, ठेवावे. दुसरा उपाय कठोर वाटला तरी आवश्यक आहे. कार्यभार घेण्यापूर्वी दुसऱ्या यंत्राने पहिल्याचा वीजपुरवठा तोडून त्याच्या मरणाची खात्री करून घ्यावी. वीज तोडल्याची खात्री पटली नाही, तर कार्यभार घेऊ नये. थांबावे आणि माणसाला हाक मारावी. निरोपांच्या तारा दोन असाव्यात आणि त्या निरनिराळ्या मार्गांनी न्याव्यात. दोन्ही यंत्रे एकाच विजेच्या खटक्यावर लावणे म्हणजे दोन दिव्यांना एकच वात देणे होय.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पर्यायी यंत्र म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. पहिल्यावर चुकून पुसलेला कागद दुसऱ्यावरही त्याच क्षणी पुसला जातो. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या संस्थेत एका कर्मचाऱ्याने दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरची माहिती पुसली. त्यानंतर पाहता नेहमीच्या प्रती उपयोगी पडेनात. सुमारे सहा तास जुनी एक प्रत हाती लागली म्हणून बरेचसे वाचले. रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी काढावी आणि ती उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ समजूत आहे.

शेवटची गोष्ट तालमीची. पावसाळ्यापूर्वी गटारे साफ करतात, होड्यांना रोगण लावतात. त्याचप्रमाणे वर्षातून निदान दोनदा, सुटीच्या दिवशी, पहिल्या यंत्राची वीज मुद्दाम तोडून पाहावी. एकदा वीज तोडावी, एकदा तार काढावी. काम थांबले ते किती वेळ, कोणत्या मेजावर अडचण आली, हे वहीत लिहावे. पहिले यंत्र दुरुस्त होताच त्याने आपोआप पद परत घेऊ नये. ते पुरते तपासून, कामाची वेळ नसताना माणसाच्या हातूनच परत द्यावे. आणि ही सारी कृती ज्या एका तंत्रज्ञाला ठाऊक आहे, तो रजेवर असताना ती मराठीत लिहून भिंतीवर टांगलेली असावी.

केरीहून आलेल्या त्या स्त्रीला यांपैकी काहीच कळण्याची गरज नाही. पडदा दीड-दोन मिनिटे थांबला, मग उतारा निघाला आणि त्यात तिच्या वारसाची नोंद जशीच्या तशी होती, एवढेच तिला दिसावे. पाऊस वाढण्यापूर्वी तिला परतीची बस मिळाली, म्हणजे या व्यवस्थेचे सार्थक झाले.