लहान विद्यापीठाचा अर्ज आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात अकोला येथे झालेले भाषण)



गुणगौरवाच्या या समारंभात चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि ती आम्ही शिरसावंद्य मानली. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. उच्च शिक्षणावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु त्या बाबतीत आमच्या हातून घडलेली एक चूक आमच्या पदरी आहे, आणि तीपासून इतरांनी सावध व्हावे एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

बारावीनंतरचे दोन रस्ते आपल्या समाजात सर्वांच्या पायाखालचे आहेत. एक वैद्यकी आणि अभियांत्रिकीचा. दुसरा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जवळच्या महाविद्यालयाचा. दोन्ही चांगलेच. परंतु तिसरीही एक वाट आहे व ती आपल्या घरांत फारशी ठाऊक नाही. देशात काही लहान, निराळ्या वळणाची विद्यापीठे आहेत. तेथे विद्यार्थी थोडे, शिक्षक ओळखीचे, वर्गात प्रश्न विचारण्यास मुभा, आणि खेड्यापाड्यांत जाऊन काम करणे हा अभ्यासाचाच भाग. अशा ठिकाणी बहुधा केवळ गुणपत्रिकेवर प्रवेश होत नाही. विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदन मागवितात आणि मुलाखत घेतात. हे ऐकताच आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, “पण हे चालते का?”

हा प्रश्न आजचा नाही. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा त्यास सरकारी मान्यता नव्हती. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’, आणि आरंभीच्या विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडले. मधल्या पस्तीस वर्षांत ज्यांनी आपल्या मुली तेथे पाठविल्या, त्यांनी हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल, याची कल्पनाच करावी.

आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण घ्या. राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांचा पुरस्कार केला होता. पुढे १९५६ साली केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाच्या मोजक्या संस्था निवडल्या. त्यांत कोल्हापूरकडील गारगोटीचे मौनी विद्यापीठ होते, तसेच अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठही होते. डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे, पण शिकून शेताला पाठमोरे होऊ नये, हा त्या शिक्षणामागील विचार. तीन वर्षांची ग्रामसेवेची पदविका असे आणि केंद्र सरकारने ती पदवीच्या तोडीची मानली होती.

आमचे थोरले काका त्या सुमारास मॅट्रिक झाले. तेथील अर्ज त्यांनी आणून ठेविला होता. आजोबांनी एवढेच विचारले, “पण नावापुढं बी. ए. लागते का?” काकांना होय म्हणता आले नाही. अर्ज फडताळातच राहिला. काकांनी पुढे कारकुनी केली, संसार नेटका केला, आजोबांना कधी दोष दिला नाही. मात्र अखेरपर्यंत दर रविवारी ते गावी जात व कोणत्या विहिरीला किती पाणी, कोणते गोडे, कोणते खारे, याची नोंद वह्यांत करीत. त्या वह्या कोणी मागितल्या नव्हत्या.

आता आमची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी दर्यापूर तालुक्यातील आपल्या एका ज्ञातिबंधूच्या मुलीने अशाच एका लहान विद्यापीठात अर्ज करण्याचे ठरविले. घर कोरडवाहू शेतकऱ्याचे. वडील तिला घेऊन आमच्याकडे आले, “गुरुजी, तुम्हीच पाहा.” निवेदनात आपल्या परिसरातील एका प्रश्नाविषयी लिहावयाचे होते. आम्हांस वाटले, पोरीला काय लिहिता येणार! आम्ही दोन रात्री बसून ग्रामोद्धार, राष्ट्रोन्नती, स्त्रीशक्ती अशा भारदस्त शब्दांनी ते सजविले. तिने ते निमूटपणे इंग्रजीत उतरविले. मुलाखतीत तिला विचारले, “ग्रामोद्धार म्हणजे तुझ्या मते काय?” मुलगी गप्प राहिली. प्रवेश झाला नाही. घरी येऊन ती आम्हांस म्हणाली, “गुरुजी, त्यात माह्यं काहीच नव्हतं.”

चाळीस वर्षांत कोणत्या साहेबाच्या शेऱ्याने आम्ही इतके खजील झालो नव्हतो. तिचे वर्ष गेले. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. वडिलांनी आम्हांस एक शब्दही बोल लाविला नाही, आणि तेच अधिक लागले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या खेपेस तिने स्वतः लिहिले. तिचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात. अंगणातील विहीर भरलेली, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ते पिकाला द्यावे तर जमीन बिघडते. पाणी असून आईला पिण्याच्या पाण्यासाठी वाट पाहावी लागते, ती का, एवढेच तिने साध्या वाक्यांत विचारले होते. व्याकरणाच्या दोन चुका आम्हांस दिसल्या. त्यांकडे आम्ही केवळ बोट दाखविले, लेखणी उचलली नाही. मुलाखत बराच वेळ चालली आणि शेवटी तिनेच त्यांना दोन प्रश्न विचारले. प्रवेश झाला; उत्पन्न पाहून शुल्कात सवलतही मिळाली. मागील सुट्टीत ती आली, तेव्हा काकांच्या वह्या आम्ही तिच्या हवाली केल्या.

तात्पर्य, या अर्जात मुलाचे काम निराळे व वडीलधाऱ्यांचे निराळे. निवेदन आणि मुलाखत ही सर्वस्वी मुलाची. आपली कामे पुढीलप्रमाणे समजावीत.

पहिले काम, मान्यता पाहणे. आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, ही चूक होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो, ती पाहावी. उदाहरणार्थ, बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ हे खाजगी खरे, पण कर्नाटकाच्या २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले आहे. नाव ऐकलेले नसणे म्हणजे मान्यता नसणे नव्हे. तसेच नावात विद्यापीठ असणे म्हणजे मान्यता असणेही नव्हे.

दुसरे काम, पैशाचा हिशेब. पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून थांबू नये. सर्व वर्षांचे शुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि जाण्यायेण्याचे भाडे मांडावे. सवलत कशावर मिळते व ती दरवर्षी चालू राहते काय, हे लेखी विचारावे.

तिसरे काम, कागदपत्रे. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून वेळेआधी काढावा. परप्रांतात मराठी दाखला वाचणार कोण? म्हणून भाषांतराची सोय आधीच करावी. आणि जवळच्या महाविद्यालयाचाही अर्ज भरून ठेवावा. एकाच दोरीवर मुलाचे वर्ष टांगू नये.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपला विद्यार्थी साहाय्य निधी आज वैद्यकी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाच मिळतो. मान्यताप्राप्त विद्यापीठात कोणताही विषय शिकणाऱ्या गरजू मुलामुलीस तो मिळावा, असा ठराव आजच्या सभेने करावा. त्या मुलीच्या पहिल्या प्रवासाचे भाडे तिच्या वडिलांनी तूर विकून उभे केले. ती वेळ पुढच्या मुलावर येऊ नये, यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे देत आहोत.