पावसाळी विजार आणि तिची परीक्षा

पावसात चालणाऱ्या माणसाचे डोके झाकण्याची चिंता मनुष्यजातीने फार पूर्वीपासून वाहिली. पायांची चिंता मात्र अलीकडची आहे. घोंगडे, इरले, गोणपाटाची खोळ, छत्री ही सारी साधने मस्तक आणि पाठ यांच्या रक्षणासाठी निर्माण झाली. गुडघ्याखालचा पाय उघडा ठेवावा, धोतर वर खोचावे, आणि मुक्कामी पोचल्यावर पाय पुसावेत, एवढाच आपल्याकडील शेतकऱ्याचा व वाटसरूचा शिरस्ता होता. आता पाठीवर बिऱ्हाड बांधून डोंगर हिंडणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यांच्यासाठी शंभर ते तीनशे ग्रॅम वजनाची, मुठीत मावेल अशी जलाभेद्य विजार बाजारात आली. ती घ्यावी की न घ्यावी, आणि घेतल्यास तिची पारख कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जलाभेद्य कापडाचा इतिहास लहानसा परंतु बोधप्रद आहे. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली रबर नॅप्थामध्ये विरघळवून त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये बसविण्याचे एकस्व घेतले. त्या कापडाचा अंगरखा पाऊस अडवी खरा. परंतु तो थंडीत ताठ होई, उन्हात चिकट होई, आणि शिंप्याच्या सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत येई. गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची कृती पुढे गुडइयर व हॅन्कॉक यांनी सिद्ध केली, तेव्हा पहिले दोन दोष गेले. सुईची छिद्रे शिवणीवर पट्टी चिकटवून बुजविता येऊ लागली. चौथा दोष मात्र राहिलाच. बाहेरचे पाणी आत येऊ न देणारे कापड आतला घामही बाहेर जाऊ देत नसे, आणि चालणारा मनुष्य पावसाने नव्हे, तर स्वतःच्याच घामाने भिजून निघे.

या दोषावर उपाय म्हणून अमेरिकेतील बॉब गोअर याने १९६९ साली टेफ्लॉन झटक्याने ताणून त्याचे अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल बनविले, आणि १९७६ पासून त्या पटलाचे कापड विक्रीस आले. त्यातील छिद्र पाण्याच्या थेंबाहून सुमारे वीस हजार पट लहान आणि वाफेच्या कणाहून सुमारे सातशे पट मोठे असते, असे निर्माते सांगतात. थेंब अडावा आणि वाफ निसटावी, अशी ही योजना. तत्त्व निर्दोष आहे. प्रश्न एवढाच, की हे तत्त्व आपल्या आषाढात कितपत चालते?

याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील राजूर गावी शोधणे सोयीचे आहे. वणी तालुक्यातील हे गाव कोळशाच्या खाणीसाठी व चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. चुनखडी भाजून तयार झालेला कळीचा चुना पाण्याचा हाडवैरी. त्याच्यावर ताडपत्री घातली आणि पावसाचा एकही थेंब पडू दिला नाही, तरी दमट हवेत उघडा राहिलेला खडा हळूहळू फुगतो, फुटतो आणि त्याची भुकटी होते. पाणी दोन वाटांनी येते, थेंबाच्या रूपाने आणि वाफेच्या रूपाने, हे ज्ञान भट्टीवरच्या कामगाराला पुस्तकावाचून असते. पावसाळी विजारीची सारी परीक्षा या एका ज्ञानावर उभी आहे.

वाफ कापडातून आपोआप जात नाही. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा जितका अधिक, तितकी ती वेगाने जाते. माणसाच्या घामेजल्या त्वचेजवळ, चौतीस अंश उष्णतेला, हा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरइतका असतो. थंड देशात, पाच अंश उष्णता व नव्वद टक्के आर्द्रता असताना, बाहेरचा दाब ६ मिलिमीटर भरतो, अंतर ३४. आपल्याकडे श्रावणात सत्तावीस अंश उष्णता व तितकीच आर्द्रता असताना बाहेरचा दाब २४ मिलिमीटर होतो. अंतर उरते अवघे १६. म्हणजे वाफेला ढकलणारी शक्ती निम्म्याहून कमी झाली. तिकडे गुणवान ठरलेली विजार राजूरच्या वाटेवर घामाने थबथबली, तर तो कापडाचा अपराध नव्हे. परीक्षा एका हवेत आणि वापर दुसऱ्या हवेत, असा हा प्रकार आहे.

विजारीवरील आकडेही समजून घ्यावेत. ‘दहा हजार मिलिमीटर’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब ते कापड सहन करते. हा दाब एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम भरतो. आता चूल पेटविण्यासाठी ओल्या जमिनीवर गुडघे टेकलेल्या माणसाचा विचार करावा. एका गुडघ्यावर तीस किलोग्रॅम भार आला आणि जमिनीला टेकलेली जागा तीस चौरस सेंटिमीटर असली, तर दाब तेवढाच झाला. यावरून उघड होते की विजार प्रथम गळते ती गुडघ्यावर आणि बैठकीवर. उभ्याने चालताना नव्हे. दुसरा आकडा वाफेचा. चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते, ते तो सांगतो. परंतु ते माप प्रयोगशाळेतील ठराविक हवेचे असते, आणि निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

म्हणून परीक्षा स्वतःच्या पायांनी करावी. तिला स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा काटा पुरतो. एक पातळ सुती लेंगा कोरडा तोलून घ्यावा. पाऊस नाही अशा ढगाळ दिवशी त्यावर पावसाळी विजार चढवून, पाठीवर नेहमीचे ओझे घेऊन, ठराविक वाटेने एक तास चालावे आणि लेंगा पुन्हा तोलावा. जे वजन वाढले, तो कोंडलेला घाम. मग पावसाच्या दिवशी तीच वाट, तेच ओझे, तीच चाल ठेवून हाच प्रयोग करावा. समजा पहिल्या दिवशी नव्वद ग्रॅम वाढले आणि दुसऱ्या दिवशी एकशेवीस, तर वजाबाकीने तीस ग्रॅम गळती ठरते. दोन दिवसांच्या हवेत थोडा फरक असणारच, तेव्हा हे उत्तर स्थूल समजावे. तथापि, ओल बाहेरून आली की आतून, हा वाद ते मिटविते. तिसऱ्या दिवशी विजार घरी ठेवून नुसत्या पातळ, लवकर वाळणाऱ्या पोशाखात भिजत चालावे, आणि मुक्कामी तो किती वेळात वाळतो ते पाहावे. ही तिसरी चाल बहुतेकजण टाळतात. वास्तविक निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो.

या प्रयोगास राजूर-वणीकडची काळी माती एक कलम आपणहून जोडते. तिचा चिखल पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटतो, विजारीच्या तळाशी थापला जातो आणि हलक्या कापडाला घासतो. कापडाच्या दर्शनी बाजूस पाणी मोत्यासारखे ओघळून जावे म्हणून लेप दिलेला असतो; चिखलाने व घर्षणाने तो प्रथम जातो. लेप गेला की वरचे कापड पाणी पिते, वाफेची वाट बुजते, आणि विजार गळत नसूनही आत ओल जाणवते. तसेच कापसाच्या वा तुरीच्या ओल्या रानातून जाताना पाऊस थांबलेला असला तरी मांड्या भिजतात. येथे विजार उपयोगी पडते हे मान्य करावे. तिचे पाय बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडावेत, नाहीतर ती पन्हळीप्रमाणे सारे पाणी बुटात ओतते.

आता याच नावाच्या दुसऱ्या गावाकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातही एक राजूर आहे. त्याच्या परिसरात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड ही गिरिभ्रमण करणाऱ्यांची आवडती स्थाने आहेत. यवतमाळच्या राजुरी वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अकोल्याच्या घाटमाथ्यावर तो कित्येक पटींनी अधिक कोसळतो. उंचीमुळे हवा थंड, आणि माथ्यावर वारा असा की उभे राहणे कठीण. चढताना तेथेही विजारीत घामच कोंडतो. परंतु माथ्यावर थांबताच चित्र पालटते. ओल्या कपड्यांतील पाणी वाऱ्याने उडू लागते, आणि एक ग्रॅम पाणी उडताना अंगातून सुमारे ५८० उष्मांश घेऊन जाते. अंग कापू लागते, बोटे वळत नाहीत, बोलणे अडखळते. थकलेल्या माणसाच्या जिवावर बेतणारी ही गारठ्याची अवस्था हिमालयातच येते असे नाही. अशा वेळी विजार वारा अडविते, हाच तिचा खरा गुण. तेव्हा चढताना ती पाठपिशवीत असावी आणि थांबताच अंगावर चढावी. बुटांसकट घालता यावी म्हणून तिच्या पायाला खालपासून गुडघ्यापर्यंत चेन हवी, हेही त्यातूनच निघते.

जुन्या साधनांचे शहाणपण या प्रकाशात स्पष्ट दिसते. भातलावणीचे इरले वरून बंद व खालून मोकळे असते. वाफेला छिद्रांची गरजच पडत नाही, ती उघड्या बाजूने निघून जाते. वर्धा नदीच्या काठच्या कौंडण्यपुराहून पंढरीस पालखी जाते, शेगावहून गजानन महाराजांची पालखी सुमारे सातशे किलोमीटर पायी जाते. त्या वाटेवर पाऊस लागला की वारकरी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर सोडतो आणि पाय मोकळे ठेवतो. त्याला भिजण्याचे भय नाही. पाय घासून सोलवटण्याचे आहे. दिवसभर ओल्या, घट्ट कापडात चाललेल्या मांड्या दुसऱ्या दिवशी चालू देत नाहीत.

या गोष्टीला यवतमाळ जिल्ह्यात एक दुःखद पुरावा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना येथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. उंच वाढलेल्या कपाशीतून चालताना कपडे औषधाने भिजत होते. संरक्षक पोशाख पुष्कळांजवळ नव्हता. आणि असा पोशाख त्या उष्म्यात अंगावर ठेवणे ही स्वतंत्र शिक्षाच असते. पावसासाठी केलेली विजार विषारी औषध अडवील, असे कोणीही गृहीत धरू नये. त्याची परीक्षा निराळी आहे. परंतु जे वस्त्र ज्या हवेत वापरायचे, त्या हवेत ते तासभर सोसवते की नाही हे आधी पाहिले पाहिजे, ही शिकवण दोन्हीकडे सारखीच. न सोसवणारे संरक्षण खुंटीवर राहते, आणि खुंटीवरचे संरक्षण कोणाचेच रक्षण करीत नाही.

तात्पर्य, वणीकडच्या उबदार पावसात चालणाऱ्याने पाय भिजू द्यावेत, पातळ कपडे घालावेत आणि रात्रीसाठी एक कोरडा जोड पिशवीत जपून ठेवावा. घाटमाथ्यावर वा हिमालयात जाणाऱ्याने हलकी विजार अवश्य न्यावी. मात्र ती चालण्यासाठी नसून थांबण्यासाठी आहे, हे ध्यानात धरावे. विकत घेण्यापूर्वी गुडघा, बैठक आणि शिवण पाहावी. विकत घेतल्यावर काटा, घड्याळ आणि ओळखीची वाट यांनी तिची परीक्षा घ्यावी. पेठेतील आकडा हा तिच्या परीक्षेचा आरंभ आहे. निकाल पावसाने द्यावयाचा असतो.