हाताशी सापडतो त्याचा सूड



मी मॅट्रिक. गोदीत माल चढवतो, कविता करतो. सौंदर्यशास्त्र मला विचारू नका.

नदीपलीकडं शिरूर, अलीकडं आपलं दौंड. जानेवारी २०२३ मध्ये पारगावला भीमेच्या पात्रातून सात प्रेतं निघाली. एकाच घरातली, त्यात तीन लेकरं. आधी आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी भाऊबंदच पकडले. पोलीस म्हणाले, त्यांचा तरणा पोरगा अपघातात गेला. तो यांनीच घडवला या संशयानं सूड घेतला.

लेकरांवर सूड! पण राक्षस म्हणून मला मोकळं होता येत नाही. गोदीत स्लिंग तुटून माझा भाऊ गेला, तेव्हा विंचवाल्याच्या पोराकडं बघून माझ्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. विंचवाला आमच्याच चाळीतला. दोर कुजलेला होता. तो बदलायचा कुणी, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ ची. शिगावच्या खोतानं राणोजीला मारलं. बापाचं ते मरण फकिराच्या रक्तात आहे. तरी दुष्काळात माणसं उपाशी मरू लागली तेव्हा तो धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर जातो. आम्ही पोरं त्याची तलवार तेवढी उचलतो. मीही विंचवाल्यावर कविता लिहिली. टाळ्या पडल्या.

ती आता वाचत नाही. दोराच्या चौकशीचा अर्ज लिहिलाय, तिसरा. कागद मागच्या रांगेत फिरतोय. सह्या करा.